तुटलेले हाड आणि कायद्याची कसोटी

उपचार चालू असताना रुग्ण दगावला, की ‘डॉक्टरांची चूक’ हे शब्द लगेच ऐकू येतात. पण प्रत्येक वाईट परिणामामागे चूक असतेच का? आणि प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा का? या प्रश्नांचा विचार करताना भारतातील न्यायालये आजही एका जुन्या निकालाचा आधार घेतात. त्यामागची हकिगत आहे दौंडमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका डॉक्टरांच्या मुलाची.

६ मे १९५३ रोजी हा वीस वर्षांचा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघातात सापडला. डाव्या मांडीचे हाड मोडले. तिथल्या डॉक्टरांनी पाय फळ्यांनी बांधून स्थिर केला आणि पुण्याला नेण्याचा सल्ला दिला. टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ८ मे रोजी रात्री साडेअकराच्या सुमारास तो पुण्यात पोचला. वडील दौंडहून आले. एका शल्यविशारदांच्या रुग्णालयात त्याला मॉर्फियाचे इंजेक्शन देऊन पाय प्लास्टरमध्ये घातला गेला. सातपर्यंत गुंगी उतरेल असे सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहालाच आईच्या लक्षात आले, की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे. रात्री नऊ वाजता तो गेला.

मृत्यूचे कारण काय? इथे विज्ञान पुढे येते. मांडीचे हाड शरीरातील सर्वांत लांब हाड. ते मोडले की भोवतालचे बळकट स्नायू आकसतात आणि तुकडे एकमेकांवर चढतात. ते जागी आणायला पाय ताणावा लागतो. मॉर्फिया वेदना कमी करतो, पण ती काही पूर्ण भूल नव्हे. पुरेशी भूल न देता, तीन मदतनिसांकरवी जोराने पाय ओढून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असे आईवडिलांचे म्हणणे होते.

डॉक्टरांचे म्हणणे निराळे होते. आपण हाड बसवले नाही, पाय तात्पुरता स्थिर केला. मृत्यू मेदकणांमुळे झाला. हाड मोडल्यावर मज्जेतील मेदाचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकू शकतात, हे खरे आहे. याची लक्षणे बहुधा एक ते तीन दिवसांत दिसतात. म्हणजे केवळ वेळ पाहून हा दावा खोटा ठरवता येत नव्हता. प्रत्यक्षात काय केले गेले, हेच तपासायला हवे होते.

खालच्या न्यायालयाने व उच्च न्यायालयाने साक्षीपुरावे तपासून आईवडिलांचे म्हणणे ग्राह्य धरले. २ मे १९६८ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने हा निकाल ओळखला जातो. रुग्ण स्वीकारावा का, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरांनी काळजी घेतली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. अपेक्षा असामान्य कौशल्याची नाही; वाजवी कौशल्याची आणि वाजवी काळजीची आहे. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरांना आहेच, पण त्यालाही हीच मर्यादा आहे.

पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २००५ मध्ये याच न्यायालयाने स्पष्ट केले, की डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा ठरायला निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो.

इथे वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून नेमके प्रश्न विचारू शकले. शिरूर-दौंडहून पुण्याला उपचारांसाठी जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांना ते जमत नाही. उपचार कोणता, पर्याय काय, भूल कोण देणार, हे आधी विचारणे हा अविश्वास नव्हे. २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळायला हवीत. वर्गात आपण प्रयोगाची नोंद का ठेवायला लावतो? निष्कर्षावर वाद झाला, तर काय केले हे सांगता यावे म्हणून. रुग्णालयातील नोंदींचे महत्त्व मुलांना समजावायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.