ब्रिटनची कौन्सिल निवडणूक : मत कोण देतं, कसं देतं आणि कशासाठी देतं

ब्रिटनचं नाव घेतलं की आपल्याला संसद, पंतप्रधान आणि राजघराणं एवढंच आठवतं. पण लेस्टर, ब्लॅकबर्न, बोल्टन किंवा बर्मिंगहॅमला राहणाऱ्या एखाद्या मामूंना विचारा, सरकारशी तुमचं रोजचं काम कुठे पडतं? ते सांगतील, कौन्सिलमध्ये. कचऱ्याचे डबे, रस्त्यावरचे दिवे आणि खड्डे, वाचनालय, शाळेतला प्रवेश, वृद्धांची देखभाल, घराला खोली वाढवायची परवानगी, मशिदीच्या बांधकामाची परवानगी, कब्रस्तानातली जागा, हे सगळं इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी कौन्सिलच्या हातात असतं. आपली नगरपालिका आणि जिल्हा परिषद एकत्र केली, वर समाजकल्याण खात्याचा थोडा कारभार जोडला, की साधारण चित्र उभं राहतं. काही भागांत हीच कामं दोघांत वाटलेली असतात. शाळा आणि वृद्धांची देखभाल काउंटी कौन्सिलकडे, कचरा उचलणं आणि बांधकाम परवानगी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे.

या कामांसाठी घरटी कौन्सिल टॅक्स भरावा लागतो. गंमत अशी की इंग्लंडमध्ये हा कर आजही घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ठरतो.

मत कोणाला देता येतं?

आमच्या वाचकांसाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी हीच पुष्कळांना ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये मत देण्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागतोच असं नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश हे राष्ट्रकुलातले देश आहेत. तिथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला कौन्सिलच्याच काय, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. म्हणजे शिकायला गेलेली आपली मुलगी किंवा नोकरीसाठी व्हिसावर गेलेला भाचा, दोघेही भारतीय पासपोर्टवर मतदार होऊ शकतात. याउलट युरोपियन युनियनमधल्या अनेक नागरिकांचा हा हक्क २०२२ च्या इलेक्शन्स ॲक्टने आकसला. आता त्यांचा देश कोणता आणि ते ब्रिटनमध्ये कधीपासून राहतात, हे पाहिलं जातं.

वयाची अट इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये १८, तर स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कौन्सिलसाठी १६ वर्षं आहे. नाव मात्र आपणहून नोंदवावं लागतं. पूर्वी घरातल्या एकाने सगळ्यांची नावं भरून दिली की काम व्हायचं. २०१४ पासून प्रत्येकाने आपली नोंदणी वेगळी करायची. कौन्सिलने नोंदणी करायला सांगूनही केली नाही तर ८० पौंड दंड होऊ शकतो. मतदार यादीचा आणखी एक उपयोग आहे. बँका कर्ज देताना पत्ता खरा आहे का हे त्या यादीवरून ताडून पाहतात. खरं सांगायचं तर कित्येक तरुण या कारणासाठीच नाव घालतात, मताचा विचार नंतर! विद्यार्थ्याला घरच्या आणि कॉलेजच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नोंद करता येते. ती दोन वेगळ्या कौन्सिलांची ठिकाणं असतील तर स्थानिक निवडणुकीत दोन्हीकडे मत देता येतं. संसदेसाठी मात्र एकदाच.

मतदानाचा दिवस

निवडणूक बहुधा मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असते. सुट्टी नसते. म्हणूनच केंद्रं सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत उघडी ठेवतात. शाळा, चर्चचा हॉल, कम्युनिटी सेंटर, क्वचित एखादं पबसुद्धा मतदान केंद्र असतं. दारात पक्षांचे फिती लावलेले कार्यकर्ते तुमचा मतदार क्रमांक विचारतात. त्यांना 'टेलर' म्हणतात (शिवणकामाशी काही संबंध नाही). आपली माणसं येऊन गेली का, याचा ते हिशेब ठेवतात. क्रमांक सांगायचं बंधन तुमच्यावर नाही.

आत ना मशीन, ना बोटाला शाई. कागदाची मतपत्रिका आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पसंतीच्या नावापुढे फुलीची खूण करायची. आपल्याकडे फुली म्हणजे चूक, तिथे फुली म्हणजे मत. नव्या माणसाने एवढं लक्षात ठेवावं. वॉर्डात तीन जागा असतील तर तीन फुल्या, ज्याला जास्त मतं तो विजयी. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. इंग्लंडमध्ये काही कौन्सिलांत चार वर्षांनी एकदम सगळ्या जागा निवडतात, तर मँचेस्टरसारख्या ठिकाणी दर वेळी एक तृतीयांश. त्यामुळे शेजारच्या शहरात निवडणूक आहे आणि आपल्याकडे नाही, असंही घडतं.

इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा, म्हणजे भारताचाही, पासपोर्ट चालतो. वृद्धांचा बसपास चालतो, पण तरुणांचे तसलेच प्रवासपास चालत नाहीत, यावर बरीच टीका झाली. पहिल्याच वर्षी सुमारे १४,००० लोक ओळखपत्राअभावी मत न देता परतले, असं निवडणूक आयोगाने नोंदवलं. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना मोफत प्रमाणपत्र मिळतं. नकाब घेणाऱ्या बहिणींना आडोशाला चेहरा दाखवता येतो, आणि स्त्री कर्मचाऱ्याची मागणीही करता येते.

एका बूथमध्ये एकच माणूस. शौहर किंवा सासरे बरोबर उभे राहून 'इथे कर' असं सांगत असतील तर २०२३ च्या नव्या कायद्याने तो गुन्हा आहे. आम्हाला हा कायदा योग्य वाटतो. घरातल्या बाईचं मत घरातल्या पुरुषाने द्यायचं, ही सवय आपल्या लोकांनी इथूनच बरोबर नेली आहे.

लोक मत का देतात?

पहिलं कारण स्थानिक नसतंच. मतदार कौन्सिलच्या निवडणुकीत लंडनच्या सरकारवरचा राग काढतात. सत्तेतला पक्ष मध्यावर मार खातो, हे तिथलं जुनं गणित. मे २०२५ मध्ये तर रिफॉर्म यूके या नव्या पक्षाने कंझर्व्हेटिव्ह आणि लेबर दोघांना मागे टाकून दहा कौन्सिलांत बहुमत मिळवलं. त्याचा भर स्थलांतराला विरोध करण्यावर होता, आणि स्थलांतराचं धोरण तर कौन्सिल ठरवतच नाही! त्याआधी मे २०२४ मध्ये गाझाच्या प्रश्नावर नाराज झालेल्या मुस्लिम मतदारांनी लेबरची साथ सोडली. ओल्डहॅममध्ये लेबरचं बहुमत गेलं, अनेक ठिकाणी अपक्ष निवडून आले. परराष्ट्र धोरणही कौन्सिलच्या हातात नाही. पण मतदाराला जेव्हा दार उघडं दिसतं, तेव्हा तो त्याच दारातून आवाज देतो.

दुसरं कारण खिशाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम कौन्सिलने आपल्याकडे खर्चाला पैसे नाहीत, असं कायदेशीर नोटिशीने जाहीर केलं. पुढच्या एप्रिलपासून कौन्सिल टॅक्स जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला, सेवा कमी झाल्या. मार्च २०२५ मध्ये सफाई कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला आणि गल्लोगल्ली काळ्या पिशव्यांचे ढीग लागले.

तिसरं कारण आपल्या समाजाला जवळचं आहे. लँकेशायर काउंटीत मे २०१७ च्या निवडणुकीत सत्ता बदलली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कौन्सिलने ठराव केला की, कोंबडी सोडून इतर हलाल मांस जनावराला बधिर न करता कापलेलं असेल, तर ते शाळांच्या जेवणात पुरवायचं नाही. तिथल्या मशिदींच्या संघटनेने तीव्र विरोध केला. निर्णय बरोबर की चूक हा वाद राहू द्या. मुलांच्या ताटात काय येणार, ते मे महिन्यातल्या एका गुरुवारशी जोडलेलं होतं, एवढं यातून दिसतं.

आणि तरीही बहुतेक लोक मत देत नाहीत. साधारण शंभरातले तीस ते चाळीस येतात. संसदेची निवडणूक त्याच दिवशी असेल तरच आकडा चढतो. येणारे बहुधा वयस्कर आणि स्वतःच्या घरात राहणारे. भाड्याने राहणारा तरुण सारखा पत्ता बदलतो, त्याचं नाव यादीतच नसतं. हिशेब करून पाहा. समजा वॉर्डात ९,००० मतदार आहेत आणि एक तृतीयांश आले, म्हणजे ३,०००. ती मतं चार-पाच पक्षांत वाटली, की हजार-बाराशे मतांवर माणूस निवडून येतो. चार मोठी खानदानं एका बाजूला बसली तर खेळ तिथेच संपतो.

म्हणूनच बिरादरीचं राजकारण. मीरपूरहून आलेल्या लोकांनी बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्डसारख्या शहरांत नात्यागोत्याच्या जोरावर जागा मिळवल्या. सुरुवातीला त्याचा फायदाही झाला. ग्लासगोला १९७० साली बशीर मान नगरसेवक झाले, ब्रिटनमधले पहिले मुस्लिम नगरसेवक म्हणून त्यांचं नाव घेतात. ब्रॅडफर्डला १९८५ मध्ये मोहम्मद अजीब लॉर्ड मेयर झाले. लंडनचे महापौर सादिक खान यांची सुरुवातही वॉन्ड्सवर्थ कौन्सिलमधून, १९९४ साली. त्याही आधीचं भारतीय नाव म्हणजे व्ही. के. कृष्ण मेनन. ते १९३४ पासून सेंट पँक्रसचे नगरसेवक होते.

पण याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. बर्मिंगहॅममध्ये २००४ च्या निवडणुकीत पोस्टल मतांचा असा घोटाळा झाला की दोन वॉर्डांतली सहा जागांची निवडणूक २००५ मध्ये रद्द झाली. टॉवर हॅम्लेट्सचे महापौर लुत्फुर रहमान यांची २०१४ ची निवडही पुढच्या वर्षी न्यायालयाने रद्दबातल ठरवली. इतर ठपक्यांबरोबर इमामांच्या सहीचं एक पत्रक आणि त्यातून मतदारांवर आलेला धार्मिक दबाव हाही एक ठपका होता. पाच वर्षांची बंदी संपल्यावर २०२२ मध्ये तेच रहमान पुन्हा निवडून आले. उमेदवार चांगला आहे असं इमाम साहेबांनी म्हणणं वेगळं, आणि त्याला मत न देणं गुनाह आहे असं सांगणं वेगळं. ही रेघ मशीद कमिट्यांनी ओळखायला हवी.

एक मत किती मोलाचं असतं ते नॉर्थम्बरलंडला २०१७ मध्ये दिसलं. साउथ ब्लिथ वॉर्डात दोघांना सारखी मतं पडली. फेरमोजणीनंतरही तेच. शेवटी काड्या ओढून निकाल लावला. कंझर्व्हेटिव्ह उमेदवाराच्या हाती आखूड काडी आली आणि ६७ जागांच्या कौन्सिलमध्ये त्याचा पक्ष ३३ वर अडकला, बहुमत एका जागेने हुकलं.

तिथे कुणी आपलं माणूस असेल तर त्याला या तारखा कळवा. नावनोंदणी मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांआधी संपते. पोस्टल मताचा अर्ज ११ दिवस आधी, संध्याकाळी ५ पर्यंत. पोस्टल मताची मुदत आता तीन वर्षंच असते, त्यामुळे जुना अर्ज केला असेल तरी तपासून घ्यायचं. आपल्याऐवजी दुसऱ्याने मत द्यावं, म्हणजे प्रॉक्सी हवी असेल, किंवा मोफत ओळखपत्र हवं असेल, तर ६ दिवस आधी. हे सगळे कामकाजाचे दिवस, शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या त्यात मोजत नाहीत. ओळखपत्र ऐनवेळी हरवलं, तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत तातडीच्या प्रॉक्सीचा अर्ज कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयात देता येतो.