भांड्यावरचे नाव

संपादक मंडळाने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर लिहायला सांगितले होते. पण जमाखर्च दरवर्षी अहवालात छापून येतो आणि तो किती जण वाचतात हे सर्वसाधारण सभेत कळतेच. म्हणून मी दुसऱ्या एका हिशेबाबद्दल लिहितो आहे. तो आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर, शोकेसमध्ये आणि बेडच्या खालच्या बॉक्समध्ये पडून आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एकामागून एक फ्लॅटचे नूतनीकरण झाले. मॉड्युलर किचन आले, फॉल्स सीलिंग आले. चांगली गोष्ट आहे. मात्र प्रत्येक नूतनीकरणाबरोबर गेटपाशी भंगारवाल्याचा काटा लागतो आणि तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळी, पराती किलोच्या भावाने जातात. नंतर त्याच घरात नव्या सजावटीसाठी म्हणून ‘अँटिक लुक’चे पितळी भांडे दुकानातून येते. यात पैशाचे नुकसान तर आहेच, पण पैशात न मोजता येणारेही काही जाते. ते काय, हे समजायला या वस्तू आपल्या घरात कशा आल्या ते थोडे पाहू.

तांबे, पितळ आणि कल्हई

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. कोकणातून आलेले तांबट पेशवाईत इथे वसले. हंडे, बंब, तपेली त्यांच्या हातोडीखालून निघत. भांड्यावर एकसारख्या ठोक्यांच्या खळ्या दिसतात, त्याला मठार म्हणतात. आज आपण ते नक्षीकाम समजतो, पण त्यामागे कारण आहे. तांबे मुळात मऊ. ठोकून ठोकून ते कडक होते, म्हणून मठारलेले भांडे लवकर पोचत नाही. विकत घेताना भांडे उजेडात फिरवून पाहावे. हाताच्या ठोक्यांत थोडा कमी-जास्तपणा असतोच. यंत्राने दाबून काढलेल्या खळ्या शिक्क्यासारख्या तंतोतंत सारख्या असतात आणि पत्राही बहुधा पातळ असतो.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. या भांड्यांत चिंचेची आमटी किंवा ताकाची कढी ठेवली तर ती कळकते, हे आपल्या आयांना रसायनशास्त्र न शिकता माहीत होते. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवायचा, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून चांदीसारखा लेप द्यायचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून हे काम रस्त्याकडेच्या भट्टीवर होऊ शकत होते. नवसागराचा तो पांढरा धूर आणि वास साठीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल.

स्टेनलेस स्टील आणि बोहारीण

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारे पोलाद शोधत होते. हाती लागले ते न गंजणारे पोलाद. ते आपल्या सर्वसाधारण स्वयंपाकघरात रुळायला साठ-सत्तरचे दशक उजाडले. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतील सेलमचा सरकारी कारखाना सुरू झाला आणि स्टीलचा पत्रा देशातही मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. चिंच नको, राख नको, कल्हई नको. घरातल्या बायकांचे रोजचे कितीतरी तासांचे घासणे या धातूने कमी केले, हे मान्य केलेच पाहिजे. स्टीलला नावे ठेवणारे बहुतेक सगळे पुरुष असतात, हे माझे जुने निरीक्षण आहे.

त्याच काळात डोक्यावर पाटी घेतलेली बोहारीण दारोदार येऊ लागली. जुने कपडे द्या, स्टीलचे पातेले घ्या. जरीच्या लुगड्याला जास्त भाव असे, कारण त्यातली जर जाळून चांदी काढता येई. कित्येक घरांतले शालू अशा रीतीने डब्यांत रूपांतरित झाले.

आज स्टील घेताना ‘३०४’ हा आकडा विचारावा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ‘२०२’ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज घातलेले असते, म्हणून ते स्वस्त. बरेच जण लोहचुंबक लावून बघतात. पण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नये. छापील ग्रेड पाहावी आणि भांडे हातात धरून वजन पाहावे.

कपबशी

कपबशीचा इतिहास तर वादाचा आहे. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे होत नाही, अशी जुनी समजूत. त्यामुळे चिनी मातीच्या पेल्याकडे सोवळ्या घरांत संशयानेच पाहिले जाई. त्यात चहा कोणाच्या हातचा, हा प्रश्न आणखी मोठा. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाला लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे हजर होते. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. पुढे १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार झाला. दोन-तीन पिढ्यांत चहा इतका घरचा झाला की आता ‘चहा तरी घेऊन जा’ हे आपल्या आदरातिथ्याचे पहिले वाक्य आहे.

बोन चायना इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले. नावाप्रमाणे त्याच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख असते. शाकाहारी घरांनी हे माहीत असून ठरवावे. ओळखायचे असेल तर बशी दिव्यासमोर धरावी, मागच्या बोटांची सावली दिसते.

सोलापूरची चादर

सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या गावाला हातमागाचे आणि नंतर यंत्रमागाचे गाव केले. जॅकार्ड मागावरची तिथली चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या मानांकनांत त्यांची गणना होते. लग्नाच्या आहेरात, होस्टेलला निघालेल्या मुलाच्या वळकटीत, दवाखान्यातल्या खाटेवर, सगळीकडे हीच चादर.

खरी चादर ओळखणे सोपे आहे. ती उलटून पाहा. नक्षी विणलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे होतात. छापील नकलेची मागची बाजू फिकी असते. बेडशीट घेताना ‘थ्रेड काउंट’चे मोठे आकडे सांगतात, त्यालाही भुलू नये. दोन-तीन पदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजून आकडा फुगवता येतो. बँकेत आम्ही ताळेबंद वाचताना हीच काळजी घ्यायचो.

भिंतींचाही असाच इतिहास आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यामुळे लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी साध्या घरांतही पोहोचल्या. सावंतवाडीची गंजिफा आणि लाखकाम तर जवळजवळ संपले होते. १९७०च्या दशकात तिथल्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ते पुन्हा उभे केले. मनावर घेतले तर जाणारी वस्तू थांबते, हा त्यातला धडा.

आता मुद्द्याची गोष्ट

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. पूर्वी दुकानदार छिन्नी-हातोडीने ठिपके पाडून नाव घालून द्यायचा, नंतर विजेचे यंत्र आले. ‘चि. सौ. कां.’ पासून ‘स्मरणार्थ’ पर्यंत, बारसे, लग्न, मुंज, वास्तुशांत सगळे तिथे नोंदलेले असते. मी नोकरीला लागलो तेव्हा बाईच्या एकटीच्या नावाचे खाते अपवादानेच दिसायचे. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, घराच्या पाटीवर नाही, रेशनकार्डावर असले तर कुटुंबप्रमुखाच्या खाली. शिवाय लग्नात नाव बदलायची चाल. म्हणजे आजीचे माहेरचे नाव घरात कुठे लिहिलेले असेल, तर ते बहुधा माहेरून आलेल्या एखाद्या तांब्याच्या काठावर. जन्मदाखला नसलेल्या त्या पिढीचा हाच दाखला. भंगारवाल्याच्या काट्यावर तो तांब्या आठशे ग्रॅम भरतो, आणि काटा नाव वाचत नाही.

म्हणून विनंती आहे. द्यायचे ते जरूर द्या, सगळे ठेवायला टू-बीएचकेमध्ये जागा नाही हे मलाही कळते. पण देण्याआधी भांडे चिंच-मिठाने घासा, उजेडात धरा आणि काठ, बूड, कान वाचा. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतो. पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९. कोणाचे नाव, कोणाकडून, कशानिमित्त, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारून वहीत उतरवा. फोटो काढा. आणि एक तरी भांडे कल्हई करून वापरात ठेवा. शोकेसमध्ये ठेवलेल्या भांड्यापेक्षा रोज पाणी भरलेल्या तांब्याची विचारपूस जास्त होते.

कार्यकारिणीला दोन सूचना. वर्षातून एकदा दिवाळीपूर्वी कल्हईवाल्याला सोसायटीच्या आवारात बोलवावे. एकेका घराला तो शोधणे जमत नाही, पण सगळ्यांची भांडी मिळून त्याचा दिवस भरेल आणि मुलांनाही बघायला मिळेल. दुसरी सूचना अशी, की गणेशोत्सवातल्या महाप्रसादाची आपली चार मोठी पातेली आणि दोन पराती अजून बिननावाच्या आहेत. त्यांवर सोसायटीचे नाव, ‘रौप्यमहोत्सव’ आणि साल घालून घ्यावे. खर्च किरकोळ आहे, दुरुस्ती-देखभाल खात्यात बसेल. तरतूद मी पाहून ठेवली आहे.