दिनविशेष : २ जुलै १९६७ – गॅमा किरणांचा पहिला स्फोट टिपला

वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करण्यास १९६३च्या कराराने बंदी आली. ती पाळली जाते की नाही, यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ उपग्रह सोडले. १९६७ साली आजच्या दिवशी ‘वेला-३’ आणि ‘वेला-४’ यांनी गॅमा किरणांचा तीव्र झोत टिपला. पण त्याचा चढउतार अणुस्फोटाशी जुळेना. पुढे असे आणखी झोत सापडले. ते वेगवेगळ्या उपग्रहांवर पोहोचण्याच्या वेळेत किंचित फरक होता. त्यावरून त्यांचा उगम पृथ्वीवर वा सूर्यावर नाही, हे कळले. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील रे क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग व रॉय ओल्सन यांनी १९७३मध्ये अशा १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली.

१९९७मध्ये ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाला स्फोटानंतर रेंगाळणारी क्ष-किरणांची आभा दिसली आणि हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे होतात, हे त्याच वर्षी स्पष्ट झाले. महाकाय ताऱ्यांचा अंत किंवा न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ही त्यांची प्रमुख कारणे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेल्या, ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील उपकरणानेही असे शेकडो स्फोट नोंदवले आहेत.