नरकाचे दहा राजे (चित्रमालिका)

नरकाचे दहा राजे ही दक्षिण सुंग राजवटीच्या काळात, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चीनमधील मिंगचौ (सध्याचे निंगबो) या बंदरात रंगवली गेलेली बौद्ध चित्रमालिका आहे. जिन छुशी याच्या चित्रशाळेत तयार झालेली ही चित्रे रेशमी कापडावर शाई व रंगांनी काढलेली असून ती उभ्या, गुंडाळता येणाऱ्या पटांच्या स्वरूपात आहेत. मालिकेतील पाच पट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आणि पाच बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहेत.

चिनी बौद्ध समजुतीनुसार मृत व्यक्तीला दहा न्यायासनांपुढे उभे राहावे लागते. पहिल्या सात राजांपुढे दर सातव्या दिवशी, म्हणजे एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत, आणि उरलेल्या तिघांपुढे शंभराव्या दिवशी, वर्षाने व तिसऱ्या वर्षी सुनावणी होते. दहावा राजा पुढील जन्म ठरवतो. त्या त्या दिवशी नातेवाइकांनी विधी व दान केल्यास मृताची शिक्षा सौम्य होते, अशी श्रद्धा होती. असे पट या विधींसाठीच टांगले जात. पाचवा राजा यानलुओ म्हणजे भारतातून बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेलेला यमराज होय. मात्र येथे तो एकमेव अधिपती नसून दहांपैकी एक न्यायाधीश आहे.

चित्रांतील परलोक हा हुबेहूब चिनी कचेरीसारखा आहे. राजा अधिकाऱ्याच्या वेषात मेजामागे बसलेला असतो, शेजारी कारकून नोंदवह्या घेऊन उभे असतात (मराठी वाचकाला येथे चित्रगुप्ताची आठवण व्हावी) आणि खालच्या भागात यमदूत पाप्यांना यातना देत असतात. या विषयावरील चित्रांत मृताची पूर्वकर्मे दाखवणारा कर्माचा आरसाही आढळतो.

मालिकेचा काळ एका लेखावरून ठरतो. त्यात चित्रशाळेचा पत्ता ‘महान सुंग, मिंगचौ, गाडीपुलाच्या पश्चिमेस’ असा दिला आहे. मिंगचौचे नाव 1195 मध्ये बदलून छिंगयुआन करण्यात आले. त्यामुळे चित्रे त्याआधीची मानली जातात. दुकानाच्या पाटीसारखा हा मजकूर चित्रशाळेच्या व्यावसायिक स्वरूपाचाही पुरावा आहे.

निंगबो हे जपानशी होणाऱ्या व्यापाराचे प्रमुख बंदर होते. तेथील बौद्ध चित्रे भिक्षू व व्यापाऱ्यांमार्फत जपानी मठांत पोहोचली आणि मुख्यत्वे तेथेच टिकली. चीनमधील अभिजन समीक्षकांनी अशा व्यावसायिक चित्रकारांची फारशी दखल घेतली नाही. निंगबोच्याच लू शिनचुंग याच्या चित्रशाळेतील दहा राजांची मालिका जपानमधील नारा राष्ट्रीय संग्रहालयात आहे.