सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल

सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, संक्षेपाने एसएनएमपी, हा संगणकांच्या जाळ्यातील राउटर, स्विच, सर्व्हर, प्रिंटर इत्यादी उपकरणांवर मध्यवर्ती ठिकाणाहून देखरेख ठेवण्यासाठी वापरला जाणारा संदेशवहनाचा नियमसंच आहे. प्रत्येक उपकरणात ‘एजंट’ नावाची लहान आज्ञावली चालते. मध्यवर्ती संगणकावरील आज्ञावलीस ‘मॅनेजर’ म्हणतात. एजंटावर कमीत कमी भार टाकावा आणि विश्लेषणाचे काम मॅनेजरने करावे, हे या रचनेचे मूलतत्त्व होय.

इतिहास

१९८७ मध्ये राउटरांच्या देखरेखीसाठी एसजीएमपी हा प्रोटोकॉल तयार झाला. त्याचेच कर्ते जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल व जेम्स डेव्हिन यांनी १९८८ मध्ये एसएनएमपी मांडला. त्या वेळी तो तात्पुरता उपाय मानला गेला होता. पुढे त्याची जागा सीएमआयपी या अधिक विस्तृत प्रोटोकॉलवर आधारलेली व्यवस्था घेईल, अशी अपेक्षा होती. मात्र सुटसुटीतपणामुळे एसएनएमपीच रूढ झाला.

रचना

एजंटाकडील माहितीच्या प्रत्येक घटकाला वृक्षाकार क्रमातील एक अंकमालिका दिलेली असते. उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.१.३.० या मालिकेने एजंट किती काळ अखंड चालू आहे हे विचारता येते. उत्तर सेकंदाच्या शंभराव्या भागांत मिळते. अशा घटकांच्या सूचीस ‘मिब’ म्हणतात.

पहिल्या आवृत्तीत पाच प्रकारचे संदेश होते : माहिती मागणारा ‘गेट’, क्रमाने पुढील घटक मागणारा ‘गेट-नेक्स्ट’, मूल्य बदलणारा ‘सेट’, एजंटाचे उत्तर, आणि एजंटाने आपणहून दिलेली सूचना म्हणजे ‘ट्रॅप’.

हे संदेश सामान्यतः यूडीपीवरून जातात. मागण्यांसाठी १६१ व ट्रॅपसाठी १६२ हे पोर्ट ठरलेले आहेत. जाळे कोलमडू लागते तेव्हाच देखरेखीची खरी गरज असते, आणि अशा वेळी आधी जोडणी प्रस्थापित करण्यापेक्षा एकच छोटा संदेश पोहोचण्याची शक्यता अधिक असते. उत्तर न आल्यास मॅनेजर पुन्हा विचारू शकतो. ट्रॅपला मात्र पोच नसते. तो वाटेत हरवल्यास कोणासही कळत नाही. म्हणून मॅनेजर ठरावीक अंतराने विचारणा करीतच राहतो. दुसऱ्या आवृत्तीत पोच मिळणारा ‘इन्फॉर्म’ संदेश आला.

एजंट वाहतुकीचा वेग काढत नाही, केवळ बाइट मोजतो. दोन नोंदींमधील फरकावरून वेग मॅनेजर काढतो. ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या पूर्ण भरलेल्या वाहिनीवर हे सुमारे ३४ सेकंदांत घडते. त्यामुळे दर पाच मिनिटांनी घेतलेली नोंद फसवी ठरते. यावर उपाय म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ६४ बिटांचे गणक आले.

सुरक्षा

साधेपणाची किंमत सुरक्षेत मोजावी लागली. पहिल्या आवृत्तीत ओळख पटवणारा ‘कम्युनिटी’ हा शब्द उघडपणे पाठवला जाई, आणि अनेक उपकरणांत तो मुळातच ‘पब्लिक’ असा ठेवलेला असे. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या चाचण्यांतून अनेक उत्पादकांच्या एसएनएमपी आज्ञावल्यांतील दोष उघड झाले. सदोष बांधणीचे संदेश मिळताच त्या कोलमडत.

डिसेंबर २००२ मध्ये पूर्ण मानक ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळखपडताळणी व सांकेतिकीकरणाची सोय आहे. जुने संदेश पुन्हा पाठवून फसवणूक होऊ नये म्हणून ओळखपडताळणीच्या वेळी १५० सेकंदांची कालमर्यादा पाळली जाते. तसेच एकाच परवलीच्या शब्दापासून प्रत्येक एजंटासाठी वेगळी किल्ली तयार होते. त्यामुळे एका उपकरणातील किल्ली चोरीस गेली तरी ती इतरत्र चालत नाही.

सद्यस्थिती

उपकरणांची मांडणी बदलण्यासाठी २००६ पासून नेटकॉन्फ हा स्वतंत्र प्रोटोकॉल उपलब्ध आहे. एसएनएमपीचा उपयोग मुख्यतः देखरेखीसाठी होतो. त्याची दुसरी आवृत्तीही अद्याप वापरात आहे.