वडिलोपार्जित शेत : आठवणीतले आणि दप्तरातले

सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या मागे कोठे ना कोठे एक शेत आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण तेथे जात असू. त्या शेताला आपल्या बोलण्यात आकडा नव्हता, नावे होती. विहिरीचे, चिंचेखालचे, थोरली पट्टी, माळाचे. आजी म्हणे, ‘चिंचेखाली भाकरी घेऊन जा,’ आणि कोठे जायचे ते पोराला कळे. शेत केवढे, असे विचारले तर आपण हात पसरून दाखवले असते.

पुढे केव्हातरी तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा हाती येतो. त्यावर वडिलांच्या नावापुढे काही गुंठेच असतात. आपण हसून म्हणतो, लहान मुलाला सगळेच मोठे दिसते! हे स्पष्टीकरण आम्हाला अपुरे वाटते. आजीच्या तोंडून आपण जे शेत ऐकले ते तिच्या सासऱ्याचे शेत होते, आणि ते खरोखरच मोठे होते. आपली आठवण एका पिढीची नसते. तिच्यात मागच्या दोन पिढ्यांचे क्षेत्र मिसळलेले असते.

याचा मागोवा घ्यावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे. पेशवाईत देशावरच्या अनेक गावांची जमीन थळांत विभागलेली असे. थळ म्हणजे एका मूळ घराण्याची जमीन, आणि तिला नाव त्या घराण्याचेच. वंशजांत तिचे भाग पडत. पण थळ म्हणून ती एकच राही आणि साऱ्याची जबाबदारी भाऊबंदांवर मिळून असे. घराणे बुडाले किंवा परागंदा झाले तर जमिनीला गतकुळी म्हणत, तरी थळाचे नाव पुसले जात नसे. गावच्या थळझाड्यात ते तसेच चाले. ज्यांचा एकही माणूस उरला नाही अशा कुटुंबाच्या नावाने जमीन ओळखली जावी, हे आम्हाला मोठे हृद्य वाटते.

इंग्रजी अमलात, 1835–36 च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. तेहतीस फुटांची साखळी रानातून फिरली. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. नावांच्या जागी सर्व्हे नंबर आले, सारा तीस वर्षांसाठी ठरला आणि तो भरण्याची जबाबदारी एकेका खातेदारावर आली. मोजणीने रयतेचे भले किती झाले, या वादात आज शिरत नाही. घराण्याच्या नावाची जमीन आकड्याची झाली, एवढे खरे.

आता तुकड्यांकडे वळू. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर आणि शेतोशेत अभ्यास केला. तो 1917 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. जुनी दप्तरे पाहून त्यांनी दाखवले, की त्या गावात सरासरी धारणा 1771 साली 40 एकर होती, 1818 साली साडेसतरा एकर, आणि 1914–15 मध्ये 7 एकर. जमीनमालक 156, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे 729! त्यांपैकी 463 तुकडे एकराच्या आतले, तर 112 पाव एकराहूनही लहान.

हा भाऊबंदांचा मूर्खपणा, असे शहरी मनुष्य चटकन म्हणतो. आम्हाला तो त्यांचा न्याय वाटतो. सगळी जमीन एका मगदुराची नसते. एका कडेला काळी, मधे मुरमाड, ओढ्याकाठी गाळाची. एका भावाला सगळी काळी आणि दुसऱ्याला सगळा माळ दिला तर ती वाटणी कसली? म्हणून काळीचे तीन भाग, मुरमाडाचे तीन, गाळाचेही तीनच. विहीर कापता येत नाही, म्हणून पाण्याच्या पाळ्या. आंबा कापता येत नाही, म्हणून आंब्यांची वाटणी. पुढच्या पिढीत त्या तीनांचे प्रत्येकी पुन्हा भाग. प्रत्येक वाटणी न्यायाची होती, आणि एवढ्या न्यायानंतर औतही वळेना अशी पट्टी हाती उरली. बांध मात्र वाढत गेले. आणि बांध म्हटला की कोर्टही आले.

1947 साली मुंबई इलाख्यात तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. पुष्कळ गावी कागदावर गट पडले. वहिवाट जुन्या बांधांनीच चालू राहिली. कारण उघड आहे. बापाने लावलेली चिंच गटाच्या नकाशासाठी दुसऱ्याला द्यावयास कोण तयार होईल?

या साऱ्या न्यायात एका वारसाची मोजदादच नव्हती, ती म्हणजे घरची लेक. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीने आला, देशभर 2005 साली. त्या वेळी बाप हयात असला पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. तरीही बाप वारल्यावर बहिणीला माहेरी बोलावतात, जेवू घालतात, आणि हक्कसोडपत्र पुढे ठेवतात. ती बहुधा सही करते. माहेर तुटू नये एवढीच तिची इच्छा असते, आणि हे समोरच्या भावालाही ठाऊक असते.

शेताची नावे ज्या आजीकडून आपण शिकलो, तीही अशीच कोणत्या तरी माहेराहून आलेली होती. तिकडच्या शेतांचीही नावे तिला पाठ होती. कधी रंगात आली म्हणजे ती ती सांगे, पण आपण ती लक्ष देऊन ऐकली नाहीत, कारण ते शेत आपले नव्हते. सातबाऱ्यावर ते तिचेही नव्हते.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात आहे. मॅनसाहेबांनी मोजलेल्या पट्ट्यांवर आता उंच इमारती उभ्या आहेत.