दिनविशेष : ६ जुलै १८९२

पाच मतांचा खासदार

लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेवर निवडून आले. मते २,९५९, प्रतिस्पर्धी कॅप्टन पेंटन यांना २,९५४! आधी फरक तीनच मतांचा होता, फेरमोजणीत तो पाचांवर गेला. आडनाव उच्चारणे जड जाणाऱ्या इंग्रजांनी लगेच ‘नॅरो-मेजॉरिटी’ असे नामकरण करून टाकले. चारच वर्षांपूर्वी पंतप्रधान सॉल्सबरी यांनी त्यांना ‘काळा माणूस’ म्हणून हिणवले होते, त्यातून झालेल्या प्रसिद्धीचा दादाभाईंना फायदाच झाला असावा.

मतदानाचा हक्क तेव्हा सरसकट नव्हता. बायकांना मत नाही; भाडेकरूला हवे तर वर्षाला किमान दहा पौंड भाड्याची खोली आणि त्यात वर्षभराचा मुक्काम. इकडे कोकणातल्या नागावचा नारळ-सुपारीचा वाडीवाला सरकारला सारा भरत होता, पण त्या संसदेसाठी मत त्याला नव्हते. मुंबईच्या शेठजींनाही नव्हते. त्याच जूनमध्ये मंजूर झालेल्या हिंदुस्थानच्या कौन्सिल कायद्याने ‘निवडणूक’ हा शब्दसुद्धा टाळला होता. फिन्सबरीच्या खासदाराला हिंदुस्थानची वकिलीही करावी लागली, ती यामुळेच. १८९५ साली दादाभाई हरले.